काळ्या पाण्याची तक्रार

पाणी काळं झालं.

पुढच्या रांगेतल्या बायांनी पदर तोंडाला लावले. मागचे लोक खुर्च्यांवर चढले. खुर्च्या मंगल कार्यालयाच्या, प्लास्टिकच्या. त्यातली एक मोडली, तिच्यावरचा माणूस खाली न बघता दुसरीवर चढला. टेबलावर काचेचे दोन ग्लास. प्रत्येकात दोन सळया, वर एक डबी, डबीतून गेलेली वायर. डावीकडे बोरखारच्या हापशीचं पाणी: आधी हिरवट, मग तांबूस, मग नालीतल्यासारखं काळं, वर फेस. उजवीकडे जलगुरू भगवंत सरांचं सिद्धजल: जसंच्या तसं. आरपार.

"हे तुम्ही पिता!" माईक किंचाळला. "हे तुमच्या लेकरांना पाजता! मला हार नको, नारळ नको, माझ्या पाया पडू नका. मी देव नाही, हे सायन्स आहे! सिद्धजलाचा रेणू षट्कोनी असतो. तो किडनीत शिरतो, विषाला बाहेरचा दरवाजा दाखवतो आणि आतून कडी लावून घेतो!"

टाळ्या. किडनीला कडी कुठून आली, हे कोणी विचारलं नाही.

माया तायडे दाराशी उभी होती. तिला फक्त वडलांना घरी न्यायचं होतं. वडील, म्हणजे देवराव, एसटीतले निवृत्त कंडक्टर, पहिल्या रांगेत बसले होते. मांडीवर सिद्धजलाची बाटली, अर्धी संपलेली.

बोरखार हे खारपाणपट्ट्यातलं गाव. अंजनगाव सुर्जीहून टमटमनं अर्धा तास. जमिनीखाली पाणी भरपूर, पण त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. नळाला गोडं पाणी येतं, अकरा दिवसांनी. आणि देवरावांच्या दोन्ही किडन्या दोन वर्षांपूर्वी थकल्या. सोमवार आणि गुरुवार अमरावतीला डायलिसिस. लघवी जवळजवळ बंद, म्हणून दिवसाला पाणी मोजून लिटरभर, तेही चहासकट. जास्त प्यायलं की ते अंगातच राहतं. आधी पायात, मग छातीत.

कालचा सोमवार देवराव गेले नव्हते.

"बाबा, घरी चला."

"बैस. तमाशा नोको करू. पाह्यलं का, आपन काय पेत होतो ते?"

"तुम्ही आयुष्यात कोण्या बुवापुढे वाकले नाही."

"हा बुवा हाये का?" देवराव वळले. "अंगारा देते का हा? ताईत बांधते? मशीन लावते. मी तीस वर्षं बुवाबाजीच्या इरोधात भाषणं देली, का डोयानं दिसल तेच माना. आता डोयानं दिसून राह्यलं, तं तू म्हनतं मानू नोको?"

या घरानं देव सोडले होते, नवस सोडले होते, गंडेदोरे सोडले होते. त्या सगळ्यासाठी दाराला कडी होती. मशीन खिडकीतून आलं.

"अन् दुसरं सांगू का," देवरावांचा आवाज खाली आला. "दोन वर्षं झाले, पोटभर पानी पेलो नाई, पोरी. तोंड धुताना चूय भरतो अन् थुकतो. हा म्हनते, पे. दिवसाचं तीन लिटर पे."

त्यांनी बाटली तोंडाला लावली. गळ्याची गाठ वर गेली, खाली आली. वर, खाली. माया मोजत राहिली.

*

बुधवार, सकाळ. अंजनगावच्या शाळेची प्रयोगशाळा. माया तिथे परिचर आहे, सोळा वर्षं. बरण्या तिच्या, लेबलं तिची, मुलांनी फोडलेल्या परीक्षानळ्यांचा केरही तिचाच. सायन्स शिकवणारे पाच बदलले, फडकं मारणारी एकच.

शाळेची घंटा व्हायला चाळीस मिनिटं.

एका चंचुपात्रात हापशीचं पाणी. दुसऱ्यात सिद्धजल, वडलांच्या बाटलीतून चोरलेलं. आठवीच्या मुलांना दाखवायचा प्रयोग: पाण्यातून वीज जाते का. तिनं पेटीतल्या काळ्या, कार्बनच्या कांड्या काढल्या, बॅटरीच्या जागी वापरतात तो एलिमिनेटर जोडला, बटण दाबलं.

हापशीच्या पाण्यात बुडबुडे. नुसते बुडबुडे. सिद्धजलात तेही नाहीत.

पाच मिनिटं. दहा. काळं काही होईना.

म्हणजे? म्हणजे त्याचं मशीन खरं? तिनं बटण बंद केलं, चालू केलं. घड्याळ. उद्या गुरुवार. काल रात्री बाबांच्या पायावर अंगठा दाबला तर खळगा पडला तो पडलाच. पुन्हा बटण. पुन्हा बुडबुडे. चूक कुठे आहे? पाणी तेच. वीज तीच. मग काय वेगळं होतं? डबी? वायर? ती डोळे मिटून उभी राहिली आणि तिनं काल पाहिलेलं सगळं पुन्हा पाहिलं: टेबल, ग्लास, भगवंत सर, आणि टेबलाच्या मागे उकिडवा बसलेला गावातलाच किशोर. प्रत्येक खेळ झाला की किशोर सळया काढायचा आणि पॉलिश पेपरनं घासायचा.

घासायचा कशाला?

गंज लागतो म्हणून. गंज कशाला लागतो?

ती धावत शिपायाच्या खोलीत गेली. "खिळे! लोखंडाचे, मोठे!"

"काय टांगतं, माया?"

"माणूस उतरवायचाय."

कार्बनच्या कांड्यांच्या जागी दोन चार-इंची खिळे. बटण. हापशीचं पाणी दोन मिनिटांत हिरवट झालं, पाचव्या मिनिटाला तांबूस, मग गढूळ, काळपट, वर फेस. सिद्धजल शांत. मग तिनं कपाटातलं डिस्टिल्ड वॉटर घेतलं, ज्याच्यावर कुठल्याही गुरूचा हात फिरला नव्हता. तेही शांत. शेवटी सिद्धजलात चिमूटभर मीठ.

घंटा झाली तेव्हा सिद्धजल गटार झालं होतं.

*

बुधवारी दुपारी चारला मंगल कार्यालय कालच्यापेक्षा भरलं होतं. माया सरळ टेबलापर्यंत गेली.

"सर, तुमच्या पाण्यात एवढं मीठ टाकून दाखवा."

भगवंत सर हसले. माईकवरून हसले, म्हणजे सगळ्या हॉलमध्ये हसले. "ताई, मिठानं सिद्धी भंग पावते."

मागून पुंजाजी उठले. वय अठ्ठ्याहत्तर, दात चार, जीभ शाबूत. "भाजी-भाकर खाऊन आलो मी, सर. पोटात मीठ हाये. मंग तुमचं पानी माह्या पोटात गेलं का भंगते का नाई?"

हशा पिकला. किशोर वायर उपटायला वाकला, तोच सुभद्राबाई गावंडेंनी त्याचं मनगट धरलं. सुभद्राबाईंनी कालच चार बाटल्या नेल्या होत्या, नवऱ्याच्या बीपीसाठी. "राहू दे ते, किशोर. मीनं पैशे देऊन घेतलं हाये, पाहू दे मले."

मीठ पडलं. बटण दाबलं गेलं, सुभद्राबाईंनीच दाबलं. सिद्धजल हिरवट झालं. तांबूस झालं. काळं झालं.

"मीठ म्हणजे विष!" भगवंत सर ओरडले. "मशीननं विष पकडलं!"

"मग आता हे बघा," माया म्हणाली. माईक तिच्याकडे नव्हता, पण आवाज मुलांना ओरडून ओरडून तयार झालेला होता. "या शाळेतल्या कांड्या, कार्बनच्या. पाणी हापशीचं, विषारी म्हणतात तेच. मशीन यांचंच." बुडबुडे आले. पाणी काळं झालं नाही. "आणि आता त्याच पाण्यात यांच्या सळया." झालं. "काळा रंग पाण्यातून येत नाही. लोखंडाच्या सळईतून येतो. पाण्यात क्षार असले की वीज जाते, वीज गेली की सळई झिजते, आणि झिजलेलं लोखंड म्हणजे हा गाळ. यांच्या पाण्यात क्षार नाहीत, म्हणून वीज जात नाही, म्हणून सळई झिजत नाही. एवढंच. आपलं पाणी खारट आहे, चांगलं आहे असं मी म्हणत नाही. ते जिभेला कळतंच. पण हे काळं त्याच्यातलं नाही. आणि यांच्या बाटलीत औषध नाही. कोणत्याही फिल्टर प्लांटवरच्या कॅनमधलं पाणी आहे."

वीस मिनिटांत टेबल, सळया, बॅनर आणि भगवंत सर गाडीत होते.

अशा गोष्टी इथे संपतात. भोंदू पळतो, गाव शहाणं होतं, हेडमास्तर दोन शब्द बोलतात.

इथे तसं काही झालं नाही. लोक घरी गेले. पारावर जो तो म्हणत होता, "मले तं पह्यलेच मालूम होतं." ज्यांनी बाटल्या घेतल्या होत्या, त्यांनी त्या पलंगाखाली सरकवल्या. विचारलं तर "आमी नाई बा घेतल्या." सात किलोमीटरवरच्या पुढच्या गावात शुक्रवारच्या शिबिराचं बॅनर आधीच लागलेलं होतं.

आणि देवराव घरी येऊन बाटलीतलं उरलेलं पाणी प्याले.

"बाबा! आत्ता पाहिलं ना?"

"पाह्यलं. तू मीठ टाकलं म्हनून पानी कायं झालं. चांगल्या पान्यात मीठ टाकशीन तं काय होईन?"

"उद्या गुरुवार आहे."

"नाई म्हनलं ना!" वाक्याच्या मधेच त्यांना दम लागला.

*

सहा वाजता सुभद्राबाई आल्या, तोंड लपवून आल्यासारख्या. "काय वं माया, असं कोठी लिहून देता येते का?"

येतं. शाळेत दर डिसेंबरात ग्राहक दिनाला वाटतात त्या छापील नमुन्यांचा गठ्ठा मायानं दुपारीच पिशवीत टाकला होता. जिल्हा ग्राहक आयोग, अमरावती. वकील लागत नाही. एवढ्या लहान रकमेला फी लागत नाही. सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच असलं तर एकत्र लिहिता येतं, आयोगाची परवानगी मागून.

"पैसे वापस भेटतीन?"

"माहीत नाही. पण लिहून दिलं नाही, तर परवा तो पुढच्या गावात हेच करणार."

"माह्या घरचे म्हनतीन, एवढी दहावी शिकली अन् फसली."

"तुम्ही एकट्या नाही फसल्या, काकू. एकटं नाव टाकलं तर लाज. वीस टाकले तर तक्रार."

सुभद्राबाई गेल्या आणि सहा जणांना घेऊन आल्या. मागून पुंजाजी, बोलावणं नसताना. ओट्यावर सतरंजी. मायानं पेन काढला.

*रकाना १. तक्रारदाराचे नाव, वय, पत्ता.*

सुभद्रा गावंडे, वय ५२. गुंठाभर मोठं अक्षर, ओळीबाहेर. मायाचं अक्षर पहिल्यापासून तसंच.

*रकाना २. विरुद्ध पक्षाचे पूर्ण नाव.*

जलगुरू भगवंत सर. आडनाव? बापाचं नाव? गाव? कोणालाच माहीत नाही. ज्या माणसाचं पाणी पोटात गेलं, त्याचं आडनाव सात जणांत एकाला ठाऊक नव्हतं.

"सोड तो रकाना," कोणीतरी म्हणालं.

आतून आवाज आला. "रकाना सोडाचा नाई! रिकामा रकाना म्हंजे सायबाले बहाना."

देवराव दारात उभे होते. चौकट धरून. एकतीस वर्षं त्यांनी एसटीची वेबिलं, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचे कागद, भरली होती, एकाही तपासनिसाला खाडाखोड सापडली नव्हती. त्यांनी कागदाकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा वाकडा झाला, सिद्धजलामुळे नव्हे, लेकीच्या अक्षरामुळे. "सरक. आन तो पेन. हे अर्ज हाये का कोंबडीचं खुराडं?"

ते बसले. दुसरा कोरा नमुना घेतला.

*रकाना ३. काय खरेदी केले.*

सिद्धजल, दोन लिटर. पण पावतीवर "ऐच्छिक देणगी" असं छापलेलं. पुंजाजी म्हणाले, हा लेकाचा हुशार हाये. मग सुभद्राबाईंनी कमरेची पिशवी उघडली. बाटलीसोबत मिळालेलं पत्रक त्यात घडी करून. त्यावर "विक्री किंमत", चारदा. देवरावांनी पत्रक टाचणीनं लावलं आणि लिहिलं: *देणगीची किंमत छापत नसतात.*

*रकाना ४. विक्रेत्याने कोणती हमी दिली. शक्यतो त्याच्याच शब्दांत.*

इथे देवरावांसारखा साक्षीदार मिळणार नव्हता. पहिल्या रांगेत बसलेला, कंडक्टरची आठवण असलेला माणूस. ते स्वतःशी बोलत लिहीत गेले. "तीन आठवड्यांत मशीन विसराल... डायलिसिस म्हणजे नुसतं रक्त धुण्याचा धंदा... गोळ्या नदीत सोडा... तहान लागते म्हणजे शरीर सिद्धजल मागतं..."

शेवटच्या वाक्याशी पेन थांबला. मग चालू झाला.

*रकाना ५. झालेले नुकसान.*

सुभद्राबाईंच्या नवऱ्यानं बीपीच्या गोळ्या बंद केल्या होत्या. लिहिलं. आणखी एकीनं सासूचं इन्सुलिन थांबवलं होतं. ती सांगता सांगताच उठली आणि घराकडे पळाली. पुंजाजींनी काहीच घेतलं नव्हतं, तर त्यांचं नाव साक्षीदारांत. "फुकटात नाव छापून येऊन राह्यलं," ते म्हणाले.

"आता तुमचं," माया म्हणाली.

"माहं काय. बाटल्या घेतल्या."

"नुकसान विचारलंय, बाबा."

देवरावांनी पेन कागदाला टेकवला आणि उचलला. मग म्हणाले, "वजनाची वही आन."

वही माया रोज भरायची. मागच्या गुरुवारी डायलिसिसनंतर: अठ्ठावन्न किलो. आज संध्याकाळी: साडेत्रेसष्ट. देवरावांनी दोन्ही आकडे लिहिले. वजाबाकी केली. पुढे त्यांच्या देखण्या अक्षरात: *सोमवारचा डायलिसिस बुडविला. दोन्ही पायांस सूज. बोलताना दम लागतो.* मग त्यांनी चष्मा सरळ केला आणि सगळा रकाना पुन्हा वाचला, दुसऱ्या कोणाचं तरी वेबिल तपासावं तसा.

"हा मानूस," ते हळू म्हणाले, "इथी लिहून देते का साडेपाच किलो पानी अंगात साचलं. अन् बाटली अजून उशाशी. सायेब विचारनच ना, का बावा, मंग पेतं काहून?"

त्यांनी पेन मायापुढे धरला.

"काय लिव्हू याच्यापुढं?"

"लिहू नका," माया म्हणाली. "चला."

तिनं डायलिसिस सेंटरला फोन लावला. तिकडची नर्स वजन ऐकून म्हणाली, सकाळची वाट पाहू नका, आत्ता आणा. गाडी? ओट्याच्या कडेला केव्हापासून कोणीतरी उभं होतं, पाचवा रकाना ऐकत. किशोर. त्याच्या व्हॅनवर सिद्धजलाचे निळे स्टिकर तसेच होते.

"मी नेतो, काका," तो म्हणाला. "अन् दुसऱ्या रकान्यात लिहा. त्याचं पूर्ण नाव मले मालूम हाये. पत्ता बी."

"आंधी ते सांग," देवराव म्हणाले, "मंग गाडी काढ." रकाना दोन भरला, सही केली, आणि मग माया आणि किशोरनं दोन्ही खांद्यांना धरून त्यांना व्हॅनमध्ये बसवलं.

*

गुरुवारी सकाळी अमरावतीत, रात्रीच्या तातडीच्या डायलिसिसनंतर नेहमीच्या पाळीला यंत्र पुन्हा गुरगुरत असताना, मायाचा फोन थांबायला तयार नव्हता. सुभद्राबाईंचे फोटो. सह्यांचा एक कागद. मग दुसरा. दुसऱ्यावर तीच नावं, जी काल "आमी नाई बा" म्हणत होती. मग आवाजी निरोप: "माया, आमी उद्या त्या गावी जाऊन राह्यलो. मीठ घेतलं, खिळे घेतले. ते कार्बनच्या कांड्या कोठी भेटतात वं?"

शुक्रवारी भगवंत सर त्या गावात पोचले, तेव्हा बॅनरखाली बोरखारच्या नऊ बाया बसल्या होत्या. ते गाडीतून उतरलेच नाहीत. पण आसपासच्या गावांत आधीच बाटल्या घेतलेल्या त्यांच्या जुन्या गिऱ्हाइकांनी त्या दिवशी बावीस सह्या दिल्या. पोलिसांत वेगळा अर्ज गेला, बरं करण्याच्या खोट्या दाव्याचा. आयोगाकडे गेला तेव्हा अर्जावर त्रेसष्ट नावं होती. तारीख मिळाली आहे. निकाल लागायचा आहे. काय लागेल ते माहीत नाही.

मधल्या काळात पुंजाजींना चटक लागली. ग्रामसभेत ते एक कोरा नमुना घेऊन उभे राहिले आणि नळाच्या पाण्याबद्दल रकान्यांप्रमाणे विचारू लागले: हमी काय दिली होती? रोज की अकरा दिवसांनी? पाण्याची तपासणी शेवटची कधी झाली? कागद दाखवा. सरपंच म्हणाले, आजोबा, हा फॉर्म याच्यासाठी नसते. पुंजाजी म्हणाले, तं याच्यासाठीचा द्या. मागून चाळीस जण म्हणाले, आमालेबी द्या. तपासणीचा अहवाल आता पंचायतीच्या भिंतीवर लागतो. नळ आठ दिवसांनी येतो. भांडण चालू आहे.

पण त्या गुरुवारी, यंत्राशेजारी, अर्जाचा एक रकाना अजून रिकामा होता. शेवटचा. *आयोगाकडे विनंती.* देवरावांच्या डाव्या हातात सुया होत्या, उजव्या हातात पेन. पैसे परत मिळावेत, विक्री थांबावी, हे त्यांनी लिहिलं. मग थांबले नाहीत.

माया वाकून वाचू लागली. "बाबा, अर्जात असं लिहीत नसतात."

"लिव्हत नाईत म्हनून तं हे होते," देवराव म्हणाले. "तू गप बैस."

त्यांनी लिहिलं ते असं:

*तिसरी विनंती आयोगास नाही. हा अर्ज जो कोणी वाचेल त्यास आहे. आम्ही डोळ्यांनी पाहिले म्हणून मानले. पाहणे ही सुरुवात आहे, पुरावा नाही. कोणी काही करून दाखवले तर विचारा, हे कशाने झाले. म्हणा, वस्तू बदलून दाखवा. म्हणा, आमच्या हाताने करू द्या. जो करू देत नाही त्याचे घेऊ नका, मग तो भगवे नेसो की पांढरा कोट घालो. डॉक्टरांस विचारल्याशिवाय औषध सोडू नका. आणि फसलाच, तर घरात बसून लाजू नका. गप्प बसलेल्या माणसाच्या जिवावर पुढचे गाव फसते. लिहून द्या. आम्ही दिले आहे. खाली आमची नावे आहेत.*